जळगाव आवृत्ती

चहा येऊ द्या आधी. आणि एक कबूल करा, मधेच हसायचं नाही. शेवटी हसा, पाहिजे तेवढं हसा, पण मधे हसलात की मी गडबडतो आणि माझी बाजू मांडायची राहून जाते. बाजू आहे मला. फार मोठी नाही, पण आहे.

तर मी मास्तर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. घर जळगावला, पिंप्राळ्यात. बायको, तिसरीतली मुलगी चिऊ, गच्चीवरच्या कुंड्या, माझी आरामखुर्ची, सगळं तिथे. आणि नोकरी कुठे? धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याहून थोडं आत असलेल्या एका गावात. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही ठिकाणं एका बोटाखाली झाकली जातात. पण सोमवारी सकाळी जळगावहून गाडीत बसलं की शनिवारपर्यंत घर नाही.

रोज अपडाऊन का करत नाही, असं विचारणार तुम्ही. केलं होतं काही महिने. मग पाठीने नोटीस दिली. शिवाय मास्तराने शाळेच्या गावी मुक्कामी राहावं असा नियम आहे. नियम किती जण पाळतात ते सोडा, मी पाळतो. गावात एक खोली घेतली आहे, त्यात एक खाट, एक गॅस आणि मी असे तिघं राहतो.

बदलीचा अर्ज दर वेळी करतो. दर वेळी यादी लागते. यादीत ओळखीची बरीच नावं असतात, त्यांना फोन करून अभिनंदन करतो आणि परत खाटेवर येऊन बसतो.

आता मुद्द्यावर येतो. गावात पेपर येतो तो धुळे आवृत्तीचा. आपल्याकडे पेपराचं नाव एकच, पण जिल्ह्याजिल्ह्याची आवृत्ती वेगळी. पहिलं पान साधारण सारखं, आतली पानं आपापल्या भागाची. धुळे आवृत्तीत काय वाईट आहे? काहीच नाही. चांगली असते. पण तिच्यात पिंप्राळा नसतो ना.

म्हणून मी एक व्यवस्था लावली. माझा शाळेपासूनचा मित्र मधू, तो जळगावहून रोज सकाळच्या गाडीने दोंडाईच्याला नोकरीला जातो. तो जळगाव स्टेशनवर पेपर घ्यायचा आणि शिंदखेड्याला गाडी थांबली की खिडकीतून माझ्या हातात द्यायचा. त्यासाठी मी रोज सकाळी मोटरसायकल काढून स्टेशन गाठायचो. लोक समजायचे मास्तर नाश्त्याला जातात. जाऊ दे, समजू दे.

त्या पेपरात मी पहिल्यांदा काय बघायचो सांगू? पाण्याच्या वेळा. कोणत्या भागात कधी नळ येणार, त्याची छोटी चौकट असते. गुरुवारी सकाळी पिंप्राळा, असं वाचलं की मला घर दिसायचं. बायको पदर खोचून ड्रम भरतेय, चिऊ नळी धरून उभी आहे, आणि नळी हातातून निसटून भिंत भिजतेय. मी तिकडे असतो तर ओरडलो असतो. इथे बसून त्या ओल्या भिंतीसाठी जीव तुटायचा.

आता बघा, रोज ताजा पेपर हातात, समोर तिसरी-चौथीचा वर्ग, आणि विषय परिसर अभ्यास. एका प्रशिक्षणात कोणीतरी सांगितलं होतं, वर्तमानपत्रातून समाज शिकवा, मुलं रमतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेपरही वाचून होईल आणि उपक्रमही होईल.

आणि उपक्रम झाला हो. खरंच चांगला झाला. बातमी वाचायची, त्यातलं गाव शोधायचं, भिंतीवरच्या मोठ्या नकाशात तिथे टिकली लावायची. बायकोच्या टिकल्यांची पाकिटं मी घरून आणली होती. चोपड्याला केळीवर रोग पडला, लाव टिकली. पिंप्राळ्यात रस्ता खोदला, लाव टिकली. दोन महिन्यांत जळगाव जिल्हा गोवर झाल्यासारखा लाल झाला. शेजारी धुळे जिल्हा कोरा करकरीत. मला ते दिसलं नाही का? दिसलं असणारच. पण दिसणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.

मग 'आपलं कुटुंब' शिकवायचं होतं. त्यासाठी मी निधनवार्ता घेतल्या. कबूल केलंय ना हसणार नाही म्हणून? तुम्हीच सांगा, नात्यागोत्याचा इतका व्यवस्थित तपशील दुसरीकडे कुठे मिळतो? 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' पोरांना ते वाक्य इतकं आवडलं की कोणी पाहुणा वर्गात आला की उभं राहून ओळख करून द्यायचे. माझं नाव अमुक अमुक. माझ्या पश्चात आई, वडील, आजी आणि दोन म्हशी असा परिवार आहे.

एका पालकाने शाळेत येऊन मला हात जोडले. इथली बोली अहिराणी, बठ्ठा म्हणजे सगळे. म्हणाला, "सर, हाऊ पोऱ्या रोज जेवाले बसना का आम्हले बठ्ठासले पश्चात करी टाकस."

स्थानिक कारभार शिकवला तेव्हा शुभेच्छांच्या जाहिराती घेतल्या. नगरसेवक म्हणजे कोण, असं विचारल्यावर चौथीतली मनीषा म्हणाली, "ज्याना रोज वाढदिवस ऱ्हास तो." ही मनीषा लक्षात ठेवा. वर्गात सगळ्यात स्पष्ट वाचायची आणि सगळ्यात अडचणीचे प्रश्न विचारायची.

उपक्रमाची चर्चा तालुक्यापर्यंत गेली. आमचे विस्तार अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासणारे साहेब, एका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, तुमचा पेपरचा वर्ग बघायला येणार मी. कधी येईन ते सांगणार नाही." मी कॉलर नीट केली.

आता ऐका. श्रावण सुरू झाला होता आणि आमच्या गावाकडे पावसाने ओढ दिली होती. पेरणीपुरता पडला आणि गेला तो गेलाच. कपाशी गुडघ्यालाही लागली नव्हती. माणसं बोलता बोलता मधेच वर बघायची आणि बोलणं विसरायची.

आणि माझं काय चाललं होतं? मागचे दोन रविवार मला घरी जाता आलं नव्हतं. एकदा मतदार यादीचं काम, एकदा कसलंसं सर्वेक्षण. चिऊ रुसली होती. फोनवर यायची, पण मी काहीही विचारलं की 'हं' एवढंच म्हणायची. जेवलीस का? हं. अभ्यास झाला? हं. पप्पांची आठवण येते? त्यालाही हं, आणि तो कोणत्या अर्थाचा ते कळायचं नाही. पोरीला असं फोनवरून पाठ फिरवता येते, हे मला तेव्हा कळलं. फार लागलं होतं मनाला. शनिवार कधी येतो असं झालं होतं, आणि तो होता बुधवार.

त्या बुधवारी गाडी आली. मधूने खिडकीतून हात काढला तर बाही चिंब ओली. पेपर प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाला, "जळगावला नुसती धार लागलीय रे, स्टेशनपर्यंत येताना वाट लागली." आणि गाडी सुटली.

मी तिथेच बाकावर बसून पेपर उघडला. आतल्या पानावर ठळक अक्षरांत बातमी. जिल्ह्यात आज अतिवृष्टीचा इशारा, सर्व शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश.

सर्व शाळांना. म्हणजे माझ्याही. बरोबर ना?

तुम्ही म्हणाल, मोबाईल नव्हता का? होता. शिक्षकांच्या ग्रुपवर बघितलं, तिथे काहीच नव्हतं. मी म्हटलं, रेंज नसेल. मग खात्री करून घ्यावी म्हणून फोन केला. कोणाला केला? बायकोला. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रशिक्षणाला धुळ्याला गेल्या होत्या. त्यांना विचारता आलं असतं, पण त्या 'थांबा, बघते' म्हणाल्या असत्या, आणि मला थांबायचं नव्हतं.

"काय गं, शाळांना सुट्टी आहे का आज?"

"आहे ना. आताच मेसेज आला चिऊच्या शाळेचा. इथे अंधारून आलंय नुसतं."

"मग मी निघतो."

पलीकडे फोनची ओढाओढ झाली. मग चिऊचा आवाज आला. "खरंच?" दोन आठवड्यांनी तिने 'हं' सोडून दुसरा शब्द उच्चारला होता. आता मला सांगा, यापुढे जिल्हाधिकारी कुठले आणि आदेश कुठला, हे कोण तपासत बसेल?

शाळेत गेलो. पोरं जमली होती. वर आभाळ निळंशार, ऊन असं की पटांगणात पाय ठेववत नव्हता. मी व्हरांड्यात उभा राहून जाहीर केलं, "मुलांनो, आज अतिवृष्टी आहे. सुट्टी."

सगळे एकदम वर बघायला लागले. मनीषाने हात वर केला. "सर, पानी कोठे शे?"

"येतोय. पेपरात आलंय."

तिने पेपर मागितला, बातमी मोठ्याने वाचून दाखवली. छापलेलं आहे म्हटल्यावर तिचंही समाधान झालं. मीच शिकवलं होतं ना, पेपर वाचा म्हणून. पोरं धावत घरोघर गेली. पाऊस येतोय, जोराचा येतोय, पेपरमा शे.

मी खोलीवर जाऊन पिशवी भरून निघेपर्यंत गाव बदललं होतं. कोणी छपरावर प्लास्टिक टाकत होतं, कोणी कडबा आत ओढत होतं. एकाने पाठीवर चढवलेला फवारणीचा पंप उतरवून ठेवला. दौलत आबा, गावातलं सगळ्यात वयस्कर माणूस, ओट्यावर खुर्ची मांडून पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. मला थांबवलं.

"सर, पक्कं शे ना?"

"पेपरात आहे, आबा."

"मंग येईच." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही कोठे निंघनात?"

"घरी."

"जा, जा. आंडेर वाट देखत व्हई."

आंडेर म्हणजे मुलगी. आबांना ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, हे मला पुढे कळणार होतं.

मोटरसायकल स्टेशनवर लावली, गाडी पकडली. नरडाणा गेलं, बेटावद गेलं, सगळीकडे ऊनच ऊन. मी मात्र खिडकीशी बसून मनात घरी पोहोचलो होतो. बायको भजी तळतेय, चिऊ मांडीवर बसलीय. अमळनेर जवळ आलं तसं आभाळ काळं झालं आणि जो पाऊस लागला, विचारू नका. मी खिडकीतून हात बाहेर काढला. समोरचा माणूस म्हणाला, खिडकी लावा ना भाऊ, आम्ही भिजतोय. मी म्हटलं, भिजा हो.

अमळनेरला गाडी उभी होती तेव्हा फोन वाजला. विस्तार अधिकारी.

"गुरुजी, कुठे आहात?"

"घरी निघालोय साहेब. सुट्टी आहे ना."

"कसली?"

"अतिवृष्टीची."

मग साहेब शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभा आहे. घाम पुसून पुसून रुमाल पिळायची वेळ आली."

"साहेब, कलेक्टर साहेबांचा आदेश आहे. पेपरात आलाय."

"कोणत्या जिल्ह्याच्या कलेक्टरांचा?"

मी मांडीवरचा पेपर सरळ केला. वर पेपराच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, जळगाव. रोज असायचंच ते. रोज तेच बघून तर मी सुखावायचो.

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो असेन. घाबरलो तर होतोच. पण पहिल्यांदा काय वाटलं सांगू? इथून घर आता किती जवळ आहे, हेच. गाडी सुटायला आली होती. न उतरता तसाच बसून राहिलो असतो तर तासाभरात दारात उभा राहिलो असतो. पण साहेब म्हणाले, "या तुम्ही. मी आहे इथेच," आणि फोन ठेवला.

उतरलो. प्लॅटफॉर्मवर पावसात उभा राहून घरी फोन लावला. चिऊनेच उचलला.

"पप्पा, उतरलात?"

"उतरलो, बेटा."

"जळगावला?"

"नाही गं. अमळनेरला."

"हं," ती म्हणाली.

स्टेशनपासून एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. छत्री नव्हती. छत्री कशाला आणेन, गावात ऊन होतं. बस मिळाली तर नेमकं माझ्याच डोक्यावर छत गळत होतं, आणि दुसरी जागा नव्हती. बेटावदच्या अलीकडे पाऊस थांबला आणि पुढे रस्ता कोरडा ठणठणीत. खांद्यावर माझी कापडी पिशवी, तिच्यात चिऊसाठी घेतलेले शेंगदाण्याचे लाडू आणि निम्मं अमळनेर.

स्टेशनवरून मोटरसायकल घेऊन गावात शिरलो. भर उन्हात, धूळ उडवत, ओला माणूस. पँट पायाला चिकटलेली, बूट पचपच वाजतायत. आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर गाव बसलेलं, सकाळपासून पावसाची वाट बघत. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की पेपर जळगावचा होता. तरी कोणी प्लास्टिक काढलं नव्हतं. न जाणो.

मला वाटलं आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या. मी आबांपाशी गाडी थांबवली. आबा उठून जवळ आले. माझ्या पिशवीच्या कोपऱ्यातून अजून पाणी गळत होतं. त्यांनी त्याखाली हात धरला.

"हाऊ कोठला पानी, सर?"

"अमळनेरचा, आबा."

"जोरमा व्हता?"

"जोरात होता."

ते तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमले बी थोडासा लई येता ना."

सगळा ओटा हसला. आबाही हसले. पण त्यांनी तो ओला हात धोतराला पुसला नाही, तसाच मिटून घेतला. मला माझ्या भज्यांची लाज वाटली.

शाळेत गेलो. साहेबांनी पोरांना घरोघरून बोलावून वर्ग भरवला होता. मागच्या बाजूला पाच-सहा पालक येऊन उभे. साहेबांनी मला आपादमस्तक बघितलं, एक खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसू नका, खुर्ची ओली होईल. पिशवी ठेवा."

मी उभा राहिलो.

"तुमचा उपक्रम तपासला. पोरं वाचतात छान. मी विचारलं, आपला जिल्हा कोणता? सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं."

"काय सांगितलं साहेब?"

"तुमचा."

मी नकाशाकडे बघितलं. लाल जळगाव, कोरं धुळे.

"मुख्य पीक विचारलं तर केळी म्हणाले. इथे, शिंदखेडा तालुक्यात. उद्या पिंप्राळ्याला नळ कधी येणार तेही सांगितलं. माझी बहीण राहते पिंप्राळ्याला, फोन करून विचारलं. वेळ बरोबर निघाली." साहेब पोरांकडे वळले. "आता आपण आपल्या स्वतःच्या गावाची बातमी करू. आजचीच. काय घडलं आज गावात? कोण सांगेल?"

दुसरं कोण सांगणार? मनीषा उभी राहिली. "सर वल्ला व्हई ग्यात."

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, सर भिजले. "कुठे?"

"अमळनेरले."

"बरं. का भिजले? बातमीत कारण लागतं."

मला वाटलं ती म्हणेल, पेपर चुकीचा वाचला म्हणून. मी मान खाली घालून तयारच होतो.

मनीषा म्हणाली, "सरले आठे करमत नही."

साहेबांचा खडू थांबला. "सरांना इथे करमत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोनीच नही. सर रोज पेपर वाचतस आनि मंग खिडकीकडे देखतस. गाडीना आवाज उना का सर लिखता लिखता थांबी जातस."

मागे उभ्या असलेल्या पालकांतल्या एकीने पदर तोंडाला लावला होता, हसण्यासाठी की कशासाठी ते मला कळलं नाही. मी इतके दिवस समजत होतो की मी या पोरांना वाचायला शिकवतोय. डोळे भरून आले माझे. बरं झालं ओला होतो, कोणाला समजलं नसेल.

साहेब म्हणाले, "गुरुजी, बातमी खरी आहे का? काही खुलासा द्यायचा आहे?"

"खरी आहे साहेब."

त्यांनी कारण फळ्यावर लिहिलं नाही. मला म्हणाले, "आजच्या किरकोळ रजेचा अर्ज द्या. कारणात अतिवृष्टी लिहू नका. आणि उद्यापासून वर्गात धुळ्याचा पेपर. जळगावचा खोलीवर वाचा, तो तुमचा खासगी विषय आहे." जाताना मुलांच्या पाठी थोपटल्या, माझ्या पाठीला हात लावला आणि हात झटकत गेले. माणूस चांगला होता म्हणून वाचलो.

म्हणजे हिशेब काय झाला बघा. घरी जायला रजा टाकली आणि ती रजा मी शाळेत उभा राहून घालवली.

इथे हे संपायला हवं होतं. पण त्या पालकांत एक जण पेपराला बातम्या पाठवणारा निघाला. मला काय माहीत? दोन दिवसांनी मधू रजेवर होता, म्हणून सकाळी नुसती धुळे आवृत्ती उघडली आणि चौकट दिसली. गुरुजींना भलत्याच जिल्ह्याची सुट्टी! गाव कोरडे, शिक्षक चिंब. नाव दिलं नव्हतं, गावही दिलं नव्हतं, देवाची कृपा. मी स्वतःची समजूत घातली. जाऊ दे, धुळे आवृत्तीत आहे. घरी जळगाव आवृत्ती येते. बायकोला अमळनेरला रूळ पाण्याखाली गेले असं सांगितलं होतं, तेच चालू द्यावं.

दुपारी बायकोचा फोन आला. हसण्यामुळे तिला धड बोलता येत नव्हतं.

"अहो, रूळ पाण्याखाली गेले होते ना?"

"का गं?"

"खान्देशच्या पानावर आलंय. दोन्ही आवृत्त्यांना ते पान सारखंच असतं, तुम्हाला माहीत नाही?"

इतकी वर्षं पेपर वाचतोय मी. रोज सकाळी स्टेशन गाठून वाचतोय. पिंप्राळ्याची एक बातमी कधी धुळ्यात आली नाही, धुळ्याची कधी जळगावात गेली नाही. गेली ती माझी.

"चिऊने वाचलं?" मी विचारलं.

"घरी नाही वाचलं. शाळेत वाचलं. तिच्या बाईंनी पण सुरू केलंय, परिसर अभ्यासाला पेपर वाचायचा. आज नेमकी हीच बातमी घेतली. पेपर वाचताना काय काळजी घ्यावी, यासाठी."

मी खाटेवर बसलो. "अगं, पण तिने सांगितलं तर नाही ना वर्गात, की तो शिक्षक कोण ते?"

"छे हो," बायको म्हणाली. "सांगेल कशाला? बाईंनी वाचायला सुरुवात केल्याबरोबर उठून उभी राहिली आणि म्हणाली, हे माझे पप्पा आहेत, आणि ते मला भेटायला येत होते. मग बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या."